आधी जॅकेट, मग इंजिन: स्पीडबोटीत बसण्याचा बरोबर क्रम

मांडव्याची जेट्टी, मालवणचा धक्का, तापोळ्याचा बोट क्लब, कळंगुटची वाळू, कुठेही जरा वेळ उभं राहून बघा. लोक बोटीत चढतात, बोट सुटते, फोटो निघतात आणि मग कुणीतरी सीटखालून नारिंगी लाइफ जॅकेटं ओढून मागे-मागे देत जातो. मिळालेलं जॅकेट खांद्यावर टाकलं जातं. बक्कल उघडंच राहतं, कारण उकडतं, वास येतो, आणि ‘लागलं तर लावू’.

स्पीडबोटीत ‘लागलं तर’ला वेळच मिळत नाही. २५ नॉट म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर. रस्त्यावर हा वेग काहीच वाटत नाही, पण पाण्यावर बोट दर सेकंदाला जवळपास १३ मीटर पुढे जाते आणि तिला ब्रेक नसतो. एक तिरपी लाट किंवा एक झटक्याचं वळण आलं की उभा माणूस बोटीबाहेर जातो. उघडं जॅकेट त्याच धक्क्यात अंगावरून निघून जातं.

१८ डिसेंबर २०२४ ला इंजिन चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. टक्कर झाल्यावर जॅकेटांची शोधाशोध सुरू झाली, असं वाचलेल्या प्रवाशांनी सांगितलं. त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत जॅकेट सक्तीचं झालं. सक्तीमुळे जॅकेट अंगावर आलं, पण ते अंगावर बसलंय का, हे अजूनही कुणी बघत नाही. पुढचे टप्पे त्यासाठी आहेत. क्रम मोडू नका, कारण बहुतेक चुका क्रमाच्याच असतात.

## टप्पा १: घरून निघताना

कोकणात हिवाळा-उन्हाळ्यात सकाळी समुद्र बराच शांत असतो आणि दुपारनंतर खारा वारा जोर धरतो. स्पीडबोटीची फेरी सकाळी ठेवा. जाताना सपाट असलेलं पाणी संध्याकाळी परतताना उसळलेलं असतं आणि तोवर मुलं दमलेली, मोठे कंटाळलेले असतात. ठरवलेली सकाळ हुकली म्हणून तोच बेत चारनंतर रेटू नका.

धरणाच्या पाण्याला ‘तळं’ समजून निष्काळजी होऊ नका. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला जाणारी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमलेले दिसले की किनाऱ्यावरच थांबायचं. शिवाय गोड्या पाण्यात अंग खाऱ्या पाण्यापेक्षा थोडं कमी तरंगतं, आणि जलाशयाच्या कडेला बुडालेली झाडं, जुने बांध, कुंपणं असतात.

कपड्यांचा विचार घरीच करा. जॅकेटचा एक पट्टा मांड्यांमधून जातो आणि पायघोळ साडीवर तो लावता येत नाही, म्हणून सलवार किंवा पँट बरी. (नऊवारी नेसणाऱ्या आज्यांची मात्र इथे काही अडचण नाही.) ओढणी घरी ठेवा किंवा पिशवीत. वारा ती तोंडावर आणतो, आणि कुठे अडकली तर गळ्याला फास बसतो. पायात मागे पट्टा असलेली सँडल घाला. ओल्या फायबरवर चप्पल घसरते.

कुणाला नेऊ नये हेही आत्ताच ठरवा, धक्क्यावर वाद नको. गरोदर बाई, पाठीचं किंवा मानेचं ऑपरेशन झालेलं माणूस, हाडं ठिसूळ झालेले आजी-आजोबा आणि तान्हं बाळ यांच्यासाठी स्पीडबोट नाही. लाटेवरून बोट हवेत उडून खाली आपटते तेव्हा बसलेल्या माणसाच्या कण्यावर सरळ घाव बसतो. अशा आपटण्याने कण्याचे मणके दबून मोडल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यातले कितीतरी जण पाण्यात पडलेले नव्हते, सीटवरच होते. मांडव्याला जायचं तर अशांना भाऊच्या धक्क्यावरून रो-रो या मोठ्या बोटीने न्या. वेळ थोडा जास्त जाईल, एवढंच.

इशारा: दारू प्यालेल्या माणसाला ‘जॅकेट आहे ना’ म्हणून बोटीत घेऊ नका. त्याचा तोल आधीच गेलेला असतो, आणि पाण्यात पडल्यावर बोटीची कुठली बाजू जवळ आहे हेही त्याला उमगत नाही.

## टप्पा २: जॅकेट हातात घेऊन तपासणं

जॅकेट मिळालं की लगेच अंगात घालू नका. अर्धा मिनिट लागतो, पण आधी हे बघा.

फोम बोटांनी दाबा. चांगला फोम दबून परत फुगतो. दाबलेला खळगा तसाच राहिला किंवा आत तुकडे फिरल्यासारखे लागले तर जॅकेट मेलेलं आहे. मग शिवण बघा, विशेषतः खांद्यावरची, कारण पाण्यात सगळा भार तिथेच येतो. पट्टे उन्हाने पांढुरके आणि कडक झाले असतील तर ते ओढ घेत नाहीत. प्रत्येक बक्कल एकदा लावून जोरात ओढा. पेट्रोल-डिझेलचा वास येणारं, तेलाचे डाग पडलेलं जॅकेटही परत करा, इंधनाने फोम खराब होतो. नुसतं ओलं किंवा कुबट असेल तर नाक मुरडू नका, घाला.

शिट्टी आहे का? चमकणारी पट्टी आहे का? नसली तर धक्क्यावर मागा.

आता आतल्या बाजूचं लेबल वाचा. त्यावर दोन गोष्टी असतात: माणसाचं वजन, आणि जॅकेटची उचल, जी न्यूटनमध्ये लिहितात. पाण्यात असलेल्या मोठ्या माणसाला डोकं वर ठेवायला साधारण तीन ते पाच किलोची जादा उचल पुरते, म्हणजे ५० न्यूटनने काम भागतं असं वाटतं. पण ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला मदत म्हणून असतं. बेशुद्ध माणूस पालथा पडला तर ते त्याला उताणा करीलच असं नाही. स्पीडबोटीतून फेकला गेलेला माणूस बरेचदा डोक्याला मार लागूनच पाण्यात येतो. म्हणून आडोशाच्या पाण्यात निदान १०० न्यूटन, उघड्या समुद्रात १५० न्यूटन बघा. गळ्यामागे जाड कॉलर असलेलं जॅकेट चेहरा वर ठेवायला मदत करतं. जेट स्कीवर मिळणारी पातळ, रंगीत, बनियनसारखी जॅकेटं फोटोत छान दिसतात, पण त्यातली बरीचशी या वरच्या वर्गात बसत नाहीत.

कुणाकडे स्वतःचं फुगणारं जॅकेट असेल, तर तीन गोष्टी पक्क्या करा. गॅसची नळी वापरलेली नाही ना आणि ती घट्ट पिळलेली आहे ना? वर विंडचीटर किंवा रेनकोट घालायचा नाही, कारण आत जॅकेट फुगलं की छाती आवळली जाते. आणि पोहता न येणाऱ्याला किंवा लहान मुलाला ते द्यायचं नाही. त्यांना फोमचंच द्या.

तपासणी: लेबलवरचं वजन आणि माणसाचं वजन जुळतं का? ‘फ्री साइज’ हे उत्तर नाही.

## टप्पा ३: जॅकेट अंगावर बसवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको. हे काम धक्क्यावर, उभं राहून, बोटीत चढण्यापूर्वी करायचं. हलत्या बोटीत खालचा पट्टा कुणालाच नीट लावता येत नाही.

१. पाठीवरची बॅग काढा. बॅग जॅकेटवरही नको, आतही नको. मोबाइलचं पाउच गळ्यात असेल तर त्याची दोरी जॅकेटच्या आत घ्या, बाहेर लोंबकळू देऊ नका.

२. सगळे पट्टे आधी सैल करा. आधीच्या माणसाच्या मापावर तसंच चढवलं की ते कुठेतरी आवळतं, कुठेतरी ढिलं राहतं, आणि मग माणूस वैतागून सगळंच सोडून देतो.

३. जॅकेट घाला आणि खालून वर बक्कलं लावत या. आधी कमरेचं, मग पोटाचं, मग छातीचं. वरून सुरुवात केली की खालचा भाग वर सरकतो आणि कमरेचा पट्टा पोटावर येतो. प्रत्येक बक्कलाचा ‘टक्’ आवाज ऐका.

४. आता त्याच क्रमाने पट्टे ओढा. पट्ट्याखाली दोन-तीन बोटं जेमतेम जावीत. पूर्ण श्वास घेता आला पाहिजे, पण जॅकेट हाताने फिरवता येता कामा नये.

५. मांड्यांमधला पट्टा असेल तर लावाच. ‘अवघडल्यासारखं वाटतं’ म्हणून हा सोडणारे सगळ्यात जास्त असतात. पाण्यात जॅकेट वर जातं आणि माणूस खाली, त्या दोघांना बांधून ठेवणारा हाच.

६. बक्कलाऐवजी नाड्या असतील तर सरळ गाठ मारा. बुटाच्या नाडीचं फूल नको, ओढ बसली की सुटतं.

मग जोडी लावून तपासा. ज्याने घातलंय त्याने दोन्ही हात सरळ वर करायचे आणि दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्यांना धरून जॅकेट जोरात वर उचलायचं. जॅकेट हनुवटीला किंवा कानांना लागलं तर ते सैल आहे. पट्टे परत आवळा, परत उचला. तरीही वर येत असेल तर माप मोठं आहे, बदलून घ्या. वीस जणांच्या ग्रुपची ही परीक्षा पाच मिनिटांत होते. बोटवाला घाई करील. करू द्या.

इशारा: जाड माणसाला पोटाचं बक्कल लागत नाही म्हणून फक्त वरचं एक लावून बसवतात. ते जॅकेट पाण्यात गळ्याशी येऊन तोंडच झाकतं. मोठं माप नसेल तर त्या बोटीने जाऊ नका.

### मुलांचं वेगळं का

मोठ्यांचं जॅकेट करकचून आवळून मुलाला घालणं ही चूक इतकी सर्रास दिसते की ती चूक वाटेनाशी झाली आहे. मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, खांदे अरुंद, कंबर नाही. पाण्यात पडताच ते जॅकेटच्या खालून सरकून जातं आणि रिकामं जॅकेट वर तरंगत राहतं. मुलांचं माप वयावर नाही, वजनावर घ्यायचं. समुद्री जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत १५ किलोखालची बाळं, १५ ते ४३ किलोची मुलं आणि ४३ किलोवरचे मोठे असे तीन गट आहेत. धक्क्यावर लेबल वाचताना हे आकडे लक्षात असले तरी पुरे.

मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधला पट्टा असायलाच हवा. कॉलर हवी आणि कॉलरच्या मागे उचलायला पट्टी असेल तर उत्तम, माणूस वाकून मुलाला त्या पट्टीने बोटीत घेऊ शकतो. शक्य असेल तर आदल्या दिवशी तारकर्लीच्या उथळ पाण्यात किंवा हॉटेलच्या तलावात मुलाला जॅकेट घालून छातीएवढ्या पाण्यात पाय उचलायला लावा. हनुवटी पाण्याच्या वर राहते का ते दिसेल, आणि मुलाची भीतीही जाईल. जॅकेट घातल्यावर पहिल्यांदाच पाण्यात गेलेलं मूल घाबरून हातपाय झाडतं.

बाळाला ओढणीने किंवा कॅरियरने स्वतःच्या अंगाला बांधून स्पीडबोटीत बसू नका. तुम्ही पालथे झालात की बाळ तुमच्या खाली येतं. मांडीवर घेतलेलं मूलही ‘एक माणूस’ असतं. बोटीवर परवानगीची प्रवासीसंख्या लिहिलेली असायला हवी, तीत ते मोजा.

## टप्पा ४: चढणं आणि जागा घेणं

बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात-पाय घालू नका. लाटेबरोबर ती फट उघडते आणि मिटते, त्यात बोटं चेंगरतात. पिशवी आधी दुसऱ्याच्या हातात द्या, दोन्ही हात मोकळे ठेवा, खलाशाच्या पंजाला नाही तर मनगटाला धरा आणि पाय बोटीच्या मधोमध टाका. काठावर पाय दिला की छोटी बोट एका बाजूला कलते. एका वेळी एकच माणूस.

जागा मित्रमंडळाच्या सोयीने नाही, वजनाने ठरते. पुढची जागा सगळ्यांना हवी असते आणि तीच सगळ्यात जास्त आपटते. तरुण, सुदृढ माणसं पुढे. वयस्क, पाठीची कुरकुर असणारे, मुलं आणि त्यांचे आईबाप मागच्या निम्म्या भागात, मधल्या रेषेजवळ. दोन्ही बाजूंना वजन सारखं. चालक सांगेल तिथे बसा. त्याला हा हिशोब तुमच्यापेक्षा चांगला येतो.

बोटीच्या नाकावर पाय सोडून बसणं, काठावर बसणं, इंजिनच्या झाकणावर बसणं, तिन्ही बंद. नाकावरून पुढे पडलेल्या माणसावरूनच बोट जाते, आणि मागे पंखा असतो. मिनिटाला ३,२०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा सेकंदात १६० वेळा घाव घालतो. त्यापुढे जॅकेटचा काही उपयोग नाही.

## टप्पा ५: इंजिन सुरू होण्याआधीची दोन मिनिटं

हा टप्पा चालकाचा. पण ग्रुपमधल्या एकाने पुढाकार घेतला तर तांडेलही मनावर घेतात. आधी बोटवाल्याकडून या गोष्टी मागून घ्या.

किल कॉर्ड. इंजिनच्या स्विचला लागणारी ती पिळदार लाल दोरी. तिचं दुसरं टोक चालकाच्या पायाला किंवा मनगटाला बांधलेलं हवं, म्हणजे तो फेकला गेला तर इंजिन बंद पडतं. बऱ्याच बोटींत ती स्विचमध्ये खुपसलेली असते आणि दुसरं टोक स्टिअरिंगला गुंडाळलेलं. मग तिचा उपयोग शून्य. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या पॅडस्टोजवळ एक अख्खं कुटुंब वळणावर स्पीडबोटीतून बाहेर फेकलं गेलं. किल कॉर्ड बांधलेली नव्हती, रिकामी बोट गोल-गोल फिरत त्यांच्यावरून गेली. दोघे दगावले, चौघे जखमी झाले. चालकाला सरळ विचारा, ‘दादा, दोरी पायाला लावलीत का?’ राग येणार नाही. आला तर बोट बदला.

माणसं मोजा. मुलं, खलाशी, चालक, सगळे धरून. आकडा धक्क्यावरच्या माणसाला सांगा. बोट उलटली तर किती जणांना शोधायचं हे त्या आकड्यावरच कळतं, आणि अपघातानंतर अनेकदा तोच कुणाकडे नसतो.

सूचना. दोन मिनिटांचं भाषण नको, चालकाने एवढं मोठ्याने सांगितलं तरी पुरे: ‘सगळे बसा. बक्कल दाखवा. समोरची दांडी धरा. मी थांबल्याशिवाय कुणी उठायचं नाही. त्रास झाला तर हात वर करा, मी वेग कमी करतो. कुणी पाण्यात पडलं तर ‘माणूस पडला’ म्हणून ओरडा आणि बोटाने दाखवत राहा.’ इंजिनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून हात वर करायची खूण आधीच ठरवायची.

जादा सामान. फेकता येईल असा रिंग बोया (तरंगणारं गोल कडं) हाताशी आहे का? जादा जॅकेटं कुलपात किंवा सामानाखाली तर नाहीत ना? चालकाकडे व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) असेल तर तो सुरू आहे का? संकटाच्या हाकेसाठी समुद्रात चॅनेल १६. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, किनारी पोलिसांचा १०९३ आणि सगळीकडचा ११२. हे आकडे किमान दोघांच्या फोनमध्ये आधीच असू द्या.

छत किंवा बंद केबिनच्या बोटीत बसणार असाल तर बाहेर पडायची वाट बघून ठेवा. बोट उलटली की जॅकेट तुम्हाला वर, म्हणजे उलट्या झालेल्या बोटीच्या तळाकडे दाबतं. तेव्हा वर ढकलत बसायचं नाही. दांडी धरून बाजूला सरकत काठाबाहेर यायचं. स्वतःचं फुगणारं जॅकेट केबिनमध्ये असताना फुगवू नका.

तपासणी: सगळे बसलेले, सगळ्यांची बक्कलं बंद, चालकाची दोरी पायाला. मगच इंजिन.

## टप्पा ६: वेगात असताना

दोन्ही पाय पूर्ण टेकवा, पाठ ताठ पण गुडघ्यांत ढील, एक हात समोरच्या दांडीवर. मोठी लाट येताना दिसली की कुल्ले सीटवरून किंचित उचलून भार पायांवर घ्या, आपटण्याचा घाव कण्यापर्यंत जात नाही. तोंडात जीभ, च्युइंगम नको. मोबाइल दोन हातांत धरून शूटिंग करणाऱ्याला या सगळ्यातलं काहीच करता येत नाही.

चालकाने वेग वाढवताना आणि वळताना आधी सांगायला हवं. दुसऱ्या बोटीमागची लाट सरळ अंगावर घ्यायची नाही. वेग कमी करून ती किंचित तिरपी कापायची. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचे बांध आहेत, तिथे ओहोटीला लाट अचानक उभी राहते. त्सुनामी आयलंडकडे जाताना अशा जागी सगळ्यांचे हात दांडीवर हवेत.

गोव्यात, आणि आता मालवणातही, ‘एक राउंड मारा ना’ म्हटलं की चालक बोट जागच्या जागी गरकन फिरवतो. बाहेरच्या बाजूला बसलेल्यांवर त्या क्षणी सगळा जोर येतो. लोक टाळ्या वाजवतात, म्हणजे दांडी सोडतात. ही फर्माईश करू नका आणि दुसऱ्याने केली तर हात वर करा.

आणि जॅकेट. फोटोसाठी ‘दोनच मिनिटं’ काढलेलं जॅकेट परत त्याच घट्टपणे घातलं जात नाही. फोटो जॅकेटातच काढा.

## टप्पा ७: माणूस पाण्यात पडला तर

दोन सेकंद गेले तर बोट २५ मीटर पुढे असते. म्हणून सगळं एकदम करायचं, पण ज्याचं काम त्याने.

चालकाने स्टिअरिंग पडलेल्या माणसाच्या बाजूला वळवायचं. त्यामुळे बोटीचा मागचा भाग आणि पंखा त्याच्यापासून दूर जातो. मग वेग पूर्ण खाली. ज्याने पाहिलं त्याने हाताचं बोट पडलेल्या माणसाकडे रोखून ठेवायचं आणि नजर हलवायची नाही, लाटांत एक डोकं दोन क्षणांत हरवतं. तिसऱ्याने रिंग बोया किंवा तरंगणारं काहीही त्या दिशेला फेकायचं. बाकीचे सगळे बसून. एकाला बघायला सगळे एका काठाला धावले तर बोटच उलटेल.

वाऱ्याकडे तोंड करून, चालण्याच्या वेगाने जवळ यायचं. माणूस बोटीच्या मधल्या भागापाशी आला की इंजिन बंद करायचं. नुसतं न्यूट्रल चालत नाही, न्यूट्रलमध्येही काही पंखे फिरत राहतात आणि गडबडीत लीव्हरला कोपर लागतं. मागच्या शिडीने चढवायचं असेल तर हा नियम दुप्पट कडक.

वर घेताना हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. दोघांनी जॅकेटच्या खांद्याचे पट्टे धरायचे, एकदा थोडं खाली दाबायचं आणि उसळीबरोबर वर घ्यायचं. मांड्यांमधला पट्टा नसेल तर या क्षणी जॅकेट हातात येतं आणि माणूस पाण्यात राहतो.

इशारा: जॅकेट नसलेल्या कुणीही ‘मला पोहता येतं’ म्हणून उडी मारायची नाही. मग शोधायला दोघे होतात.

## टप्पा ८: स्वतः पाण्यात असाल तर

उडी मारावीच लागली तर खाली पाणी मोकळं आहे ना बघा. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन जॅकेट घट्ट खाली दाबा, आणि पाय पुढे करून सरळ उभं पाऊल टाका. हात मोकळे ठेवून उडी मारली तर पाण्याला लागताच फोम वर उसळून हनुवटीवर आदळतो. सूर कधीच नाही.

पाण्यात गेल्यावर चेहरा वर करून मागे रेला, जॅकेटला काम करू द्या. किनारा दिसतो तेवढा जवळ नसतो, ओहोटी लागली असेल तर तुम्ही पोहाल आणि तो लांबच जाईल. उलटलेली बोट तरंगत असेल तर तिला धरून राहा, पण पंखा थांबल्याची खात्री करून. वरून शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा बोट लवकर दिसते. बरेच जण असाल तर मुलांना मध्ये घेऊन एकमेकांचे पट्टे धरून गोल करा. मोजा, परत मोजा.

ओरडून घसा फोडू नका. शिट्टी. ती याच वेळेसाठी आहे, आणि मुलांनाही फेरी सुटण्याआधी एकदा वाजवून बघायला द्यायला हरकत नाही.

## टप्पा ९: उतरताना, आणि नंतर

धक्का जवळ आला की सगळे उभे राहतात आणि जॅकेटं काढायला लागतात. त्याच वेळी बोट धक्क्याला टेकते, हिसका बसतो आणि माणूस फटीत पडतो. इंजिन बंद, दोर बांधलेला, मग एकेकाने उतरायचं. जॅकेट धक्क्यावर आल्यावर काढायचं, सर्वात आधी मांड्यांमधला पट्टा. माणसं पुन्हा मोजा.

फाटकं जॅकेट मिळालं असेल तर ते ढिगात टाकू नका. चालकाच्या हातात वेगळं द्या आणि काय झालंय ते दाखवा. पुढच्या फेरीत ते कुणाला तरी मिळणारच असतं.

बोट चालवणाऱ्यांसाठी थोडं. दिवसअखेर जॅकेटं गोड्या पाण्याने धुवायची, बक्कलांतली वाळू काढायची, आणि सावलीत, वारा लागेल असं टांगायची. थेट उन्हात कापड आणि शिवण लवकर जाते, ओली रचून ठेवली की बुरशी लागते. जॅकेटवर बसायचं नाही, ती उशी म्हणून द्यायची नाहीत, खाली दबून फोम मरतो. मुलांची जॅकेटं वेगळ्या खुंटीवर, वजनाचा आकडा बाहेरून रंगवून ठेवा, म्हणजे गर्दीत शोधावं लागत नाही. पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा एक-एक जॅकेट घालून छातीएवढ्या पाण्यात उतरून बघा. जे माणसाला नीट उचलत नाही ते कापून टाका. नुसतं फेकलं तर पुढच्या हंगामात ते कुणाच्या तरी बोटीत परत दिसतं.